बापसाच्या हाताचं माप

मी खोली बघायला गेलो तेव्हा मालकांनी आधी माझंच माप घेतलं.

"उभं ऱ्हा असं," म्हणाले, आणि खिशातून गाठी मारलेली एक जाड सुतळी काढून तिचं एक टोक माझ्या टाचेखाली सरकवलं. दुसरं टोक डोक्यापर्यंत नेलं, बोटाने गाठी मोजल्या आणि नापसंतीने मान हलवली. "मानूस साडेतीन हाताचा पायजे. तुमी जरासं कमी हाव. चालल. बसाल खोलीत."

माझी नोकरी कुठे, लग्न झालंय का, जेवणाचं काय करणार, यातलं काहीही न विचारता खोली मिळाली. बदलापूर गावात त्या काळी एकट्या माणसाला खोली द्यायची म्हणजे मालक लोक पोलिसांसारखी चौकशी करत. त्यामुळे आपण कमी भरलो याचं वाईट वाटून घेण्यात काही अर्थ नव्हता. मी पिशवी आत ठेवली आणि पुढची सात-आठ वर्षं तिथेच काढली.

मी अंबरनाथच्या एमआयडीसीत रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात होतो. मालक गावातले जुने शेतकरी. स्टेशनकडची भातशेती बिल्डरला दिलेली, गावाकडची थोडी राखलेली, आणि राहत्या घराच्या मागे भाड्याने द्यायला चार खोल्यांची चाळ. अंगाने बुटके, रुंद. घरात लेंगा आणि बनियन, बाहेर जाताना त्याच लेंग्यावर सफारीचा शर्ट. त्यांच्या बोलीत ड आणि ळ फारसे टिकत नसत. 'तोडायचं'चं 'तोराचा' व्हायचं आणि 'सुतळी'ची 'सुतली'. पहिले काही महिने मी मनातल्या मनात भाषांतर करत असे, पुढे माझ्याच तोंडात ते बसलं.

ती सुतळी त्यांच्या वडिलांची. वडील म्हणजे गावातला धिप्पाड माणूस, त्याच्या कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, आणि प्रत्येक हाताला एक गाठ. त्याच सुतळीने त्या माणसाने पेंढ्याची उडवी मापली, बांध मापले, जुनं घर उभं केलं. मालकांचा विश्वास फक्त या मापावर. गवंड्याचा टेप त्यांना चालत नसे.

"टेप कंपनीचा," ते म्हणायचे. "कंपनीला कं म्हाईत माझे घराचा? यो माझे बापसाचा हात हाय. बापूस कवा खोटा बोल्ला नाय."

सुतळी सतत खिशात असल्यामुळे ती सतत बाहेर येई. लग्नाला गेले तर वधूवरांवर अक्षता टाकून झाल्या की मांडवाचे खांब मोजायचे. कुणाकडे बारशाला गेले तर पाळण्याआधी दाराची चौकट. एकदा गावात एक म्हातारे वारले. घरात रडारड चाललेली, आणि मालक उंबऱ्यात वाकून माप घेताहेत. लोक चिडले. तेवढ्यात तिरडी उचलली आणि ती दारात अडकली. "आरवी नाय जानार," मालक शांतपणे म्हणाले, "तिरकी घ्या, पायाकरचा भाग आधी." तसं केल्यावर म्हातारे सुखरूप बाहेर पडले. तेव्हापासून गावात कुणी गेलं की माणसं खांदेकऱ्यांच्या आधी मालकांना बोलवायला लागली, आणि याचा त्यांना मनापासून अभिमान वाटे.

एवढंच असतं तर मालक गावातले एक विक्षिप्त गृहस्थ म्हणून सुखाने जगले असते. पण शेतीचे पैसे आले आणि त्यांनी नवं घर बांधायला काढलं.

काढलं म्हणजे कसं? आधी जुनं पाडलं. नवरा-बायको माझ्या शेजारच्या खोलीत राहायला आले, आणि काकींची चूल चाळीच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये गेली. काकी म्हणजे मालकीणबाई. किडकिडीत, ठसठशीत कुंकू, नऊवारी कासोट्याची. बोलायच्या कमी, पण त्यांचं बोलून झालं की त्यावर कुणी बोलत नसे. "दिवालीपरेंत नवे घरात जाव," असं मालकांनी त्यांना सांगितलं होतं. कुठली दिवाळी, ते सांगितलं नव्हतं.

मालकांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "घर येकदाच बांधाचा. म्हनून नीट बांधाचा." हे वाक्य ते प्रत्येक वेळी भिंत पाडायच्या आधी म्हणत.

कारण असं व्हायचं, की हे लाद्या घ्यायला उल्हासनगरला जायचे. तिथला लाद्यांचा सिंधी दुकानदार माणूस अगत्याचा. दुकानाच्या वरच त्याचं घर. चहाला वर बोलावलं की मालकांना त्याच्या हॉलमधली कमान दिसायची. झालं. परत आले की हॉलची भिंत खाली. कल्याणला मेव्हण्याकडे गेले, त्याचा जिना बाहेरून होता. आतला जिना खाली. अंबरनाथला एका साहेबाच्या बंगल्याला मागच्या बाजूला व्हरांडा दिसला, म्हणून मागची खोली खाली. आणलेल्या लाद्या मग बसायच्या नाहीत, त्या टेम्पोत घालून परत. दुकानदार हात जोडून म्हणायचा, "साईं, टाइल्स ख़रीदते हो या घुमाने ले जाते हो?"

गवंडी मालकांपेक्षा मवाळ. पण एकदा तोही म्हणाला, "मालक, सकाळी निघताना एवढं सांगून ठेवत जा. बांधायचंय की पाडायचंय? हत्यारं वेगळी लागतात."

"रागावू नको रं," मालक म्हणाले. "घर येकदाच बांधाचा."

या सगळ्यात स्वयंपाकघराची दिशा इतक्या वेळा बदलली, की काकी तिकडे बघायच्याच बंद झाल्या. पावसात शेडवर पत्रा वाजायचा, आत धूर कोंडायचा, आणि त्या धुरातून त्यांचा खोकला आणि तांदळाच्या भाकरीचा वास एकदमच माझ्या खोलीत यायचे. मी जेवायला त्यांच्याकडेच. कधी कधी भाकरीवर पाण्याचा थेंब पडलेला असे.

आणि मग एकदाचा ओटा झाला. काळ्या दगडाचा, गुळगुळीत. भिंती अर्ध्या होत्या, डोक्यावर स्लॅब नव्हता, पण ओटा होता. काकींनी त्यावर हळदकुंकू वाहिलं, स्टोव्ह ठेवला आणि दूध उतू घातलं. चाळीत सगळ्यांना साखर वाटली. इतक्या दिवसांत मी त्यांना हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्याच आठवड्यात मालकांना ताप आला आणि ते गावातल्या डॉक्टरकडे गेले. दवाखाना डॉक्टरच्या घरातच. औषध घेता घेता मालकांनी आत डोकावून पाहिलं, तर डॉक्टरीणबाईंच्या ओट्यासमोर खिडकी. मालकांचा ताप तिथल्या तिथे उतरला. दुसऱ्या दिवशी मी पहिल्या पाळीहून आलो तेव्हा ओटा फुटलेला होता, आणि काकी त्याच्या तुकड्यांपाशी उभ्या होत्या.

मला वाटलं, आता आकाशपाताळ एक होणार. पण काकींनी पदर खोचला आणि मला विचारलं, "भाऊ, तुमी शिकलेलं हाव. या दुनियेन सगल्यात मोठा घर कोनी बांधला?"

मी विचार न करता म्हणालो, "बादशहांनी."

"त्याचेवर कोनाचा नाय?"

"नाही. त्याच्यावर कुणाचं असणार?"

"मंग यांना त्योच दाखवा. येकदाच." मग मालकांकडे वळून त्या म्हणाल्या, "त्यो बगून आल्यावं कोनाचा घर बगाचा नाय. ना सिंध्याचा, ना डाक्टरचा. पटताय कं?"

मालकांनी थोडा वेळ सुतळी बोटांभोवती गुंडाळली. "पटला," म्हणाले.

अशा रीतीने आम्ही तिघे फत्तेपूर सिक्रीला निघालो. ठिकाण मी सुचवलं. इतरत्र किल्ले आणि मशिदी खूप, पण सिक्रीला बादशहाचं अख्खं राहतं घर आहे, झोपायच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत, असं मी कुठेतरी वाचलं होतं. मला बरोबर घेतलं ते हिंदीसाठी. मालकांचं हिंदी उल्हासनगरच्या पुढे चालत नसे.

प्रवासाबद्दल काय सांगू? मालकांनी गाडी सुटायच्या आत सगळे बर्थ मापले आणि आपले वडील यावर मावले नसते असं समोरच्या मारवाडी कुटुंबाला सांगितलं. दुपारी काकींनी भाकऱ्या आणि सुकटीची चटणी सोडली. सुकट म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी, तिच्या वासाला आडपडदा नसतो. मारवाडी कुटुंब सामानासकट दुसऱ्या डब्यात गेलं. पुढे आग्र्यापर्यंत आम्ही पाय पसरून गेलो.

आग्र्याला मी म्हटलं, आलोच आहोत तर आधी ताजमहाल बघू. मालकांनी चौकशी केली, "त्यान कोन ऱ्हातो?"

मी सांगितलं, ती कबर आहे.

"मेल्यावरचा घर बगून कं कराचा? आपल्याला जित्तेपनी ऱ्हायाचा हाय."

काकींनी रिक्षातून लांबूनच हात जोडले. अख्खं जग ज्याच्यासाठी आग्र्याला येतं, त्याला वळसा घालून आम्ही सिक्रीची बस पकडली.

तिथे पानाने तोंड लाल झालेला एक गाइड आम्हाला येऊन चिकटला. त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. त्याला वाटलं, नेहमीसारखी तीन माणसं आहेत. तो हात पसरून म्हणायचा, "ये देखिए जनाब, यहाँ शहंशाह आराम फ़रमाते थे," की मालक वाकून उंबरा बघायचे, भिंतीवर टिचक्या मारायचे आणि मला म्हणायचे, "विचारा त्याला, कपाट कुठं?"

कपाट नव्हतं. माळा नव्हता. कोनाडे होते, पण त्यांत तांदळाचा डबा राहिला नसता. चौकटींना दारं नव्हती. गाइड म्हणाला, इथे मखमलीचे पडदे असत. मालकांनी काकींकडे पाहिलं. "मांजर येत नसल कं?"

तासाभराने त्यांनी तो प्रश्न विचारलाच. मला विचारायला सांगितलं असतं तर मी टाळला असता, म्हणून स्वतःच विचारला. "भाईसाब, संडास किधर है?"

गाइडने बाहेरच्या बाजूला बोट दाखवलं.

"मेरा नहीं. बादशाह का."

गाइड चपापला. "जनाब, वो तो... बादशाह लोग थे."

"तो? बादशाह लोग को लगता नहीं क्या?"

आजूबाजूची दोन-चार कुटुंबं थांबली. खरं म्हणजे हा प्रश्न त्यांनाही पडला असावा, कारण सगळेच उत्तराची वाट बघत उभे राहिले. गाइडने घाईघाईने सगळ्यांना पंचमहालाकडे नेलं.

पंचमहाल म्हणजे पाच मजले, एकावर एक, वर वर लहान होत गेलेले. सगळे नुसते खांबांवर उभे, भिंती नाहीतच. ते बघून मालक जागच्या जागी उभे राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, की मी घाबरलो.

"बगा! बगा भाऊ! यांचापन काम अरकलाय!"

मी गाइडला विचारलं. तो म्हणाला, नाही नाही, हवा खाण्यासाठी मुद्दाम असंच बांधलंय.

"गप रं," मालक मराठीतच त्याला म्हणाले. "मना शिकवतस? स्लॅप टाकलेत, भिती ऱ्हायल्यात. मिस्त्री पलाला असल."

"पलाला नाय," काकी पहिल्यांदाच बोलल्या. "पलवला असल."

पुढे राण्यांचा महाल, त्याच्याजवळ स्वयंपाकघर. काकी आत गेल्या आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. दगडात कोरलेली कानातल्यांसारखी नक्षी त्या निवांत बघत राहिल्या. राणीच्या स्वयंपाकघरातही ओटा नव्हता, याचं त्यांना बरं वाटलं असावं. मालकांनी विचारलं, "कं बगतस?" त्या म्हणाल्या, "काय नाय. वरून पानी गलत नाय, यवराच बगतंय."

तिथेच पायरीवर बसून गाइडने पुढची गोष्ट सांगितली. एवढं सगळं उभं केलं, आणि थोड्याच वर्षांत बादशहा सोडून गेला. लोक म्हणतात, पाण्याची अडचण होती.

मी मराठीत सांगितलं. मालकांना ते दोनदा सांगावं लागलं. उल्हास नदीच्या काठी जन्मलेला, परसात बारमाही विहीर असलेला माणूस तो.

"पानी न बगता घर बांधला?" ते म्हणाले. "यवरा मोठा मानूस? कोनी सांगला नाय त्याला?"

त्यांनी डोक्याला हात लावला. समोर रिकामं अंगण पडलं होतं. ऊन तापलं होतं, लाल दगडांवर खारी पळत होत्या. मग काकी हळूच म्हणाल्या, "सगल्यात मोठा घर, आन ऱ्हायला कोन नाय. आपन तरी ऱ्हाव या." त्यांच्या आवाजात रागाचा लवलेशही नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

मालकांनी मान डोलवली. "जाव या घरी," म्हणाले. "बास झाला. पुरा करू."

माझ्या जिवात जीव आला. सहल सार्थकी लागली असं मला वाटलं, आणि मी गाइडला पैसे द्यायला खिशात हात घातला. पण गाइड इमानदार. म्हणाला, "जनाब, एक चीज़ रह गई."

ती राहू दिली असती तर बरं झालं असतं. ती होती दिवाण-ए-खास. एक चौकोनी उंच दालन, त्याच्या अगदी मध्ये एकच खांब. खांब वर जाताना फुलासारखा उमललेला, आणि त्यावर बसायची जागा. चारी कोपऱ्यांतून त्या जागेकडे दगडी वाटा. वर मधोमध बादशहा बसायचा आणि सगळी माणसं खाली, असं गाइड सांगत असतानाच मालकांचा हात खिशात गेला.

"हॉलचे मधी," ते पुटपुटले. "असाच खांब. वर मी बसन. पावना आला का खालून बोलल."

सुतळी बाहेर आली. त्यांनी खांबाला मिठी मारून घेर मापला, मग जमिनीवर पालथे पडून खांबापासून भिंतीपर्यंतचं अंतर. शिट्टी वाजली. पहारेकरी धावत आला.

"क्या नाप रहे हो?"

मालक जमिनीवरूनच म्हणाले, "घर बना रहे हैं."

"यहाँ?"

"नहीं. बदलापुर में."

पहारेकऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. "तो वहीं जाकर नापो," तो म्हणाला.

बाहेर आल्यावर मालकांचा चेहरा उजळला होता. "गेल्या गेल्या हॉल तोराचा," त्यांनी जाहीर केलं.

मी म्हणालो, "मालक, ठरलंय ना आपलं? काकींना शब्द दिलाय."

"शबुद कं दिलाय? ह्यो बगल्यावं दुसऱ्या कोनाचा घर बगाचा नाय. नाय बगनार. पन बगलेला बांधाचा नाय, असा कवा ठरला?" कोर्टातल्या वकिलालाही सुचलं नसतं. मी काकींकडे पाहिलं. त्यांनी पदर नीट केला आणि चालू लागल्या.

महालाबाहेर, एका प्रचंड दरवाजाच्या आतल्या चौकात संगमरवरी दर्गा आहे. काकी म्हणाल्या, आलोच आहोत तर पाया पडून जाऊ. त्यांच्या माहेरचे सगळे दरवर्षी मलंगगडावर जाणारे, मालकही जायचे, त्यामुळे दर्ग्याची रीत दोघांना ठाऊक होती. चपला काढल्या. मालकांनी डोक्याला रुमाल बांधला.

"सुतली द्या माझेकडं," काकी म्हणाल्या. "देवाचे दारान माप घ्याचा नसतं."

मालकांनी मुकाट्याने दिली. दारात एक जण लाल-पिवळे धागे विकत होता. "मन्नत का धागा, अम्मा."

"हाय माझेकडं," काकी म्हणाल्या आणि आत गेल्या.

आत दगडाच्या जाळ्या इतक्या नाजूक, की कागद कातरल्यासारख्या. मालक एका भोकाला डोळा लावून मागे-पुढे होत होते. मग त्यांनी मागे न बघता हात पसरला. "सुतली दे गो. ह्ये जालीचा माप..."

हातात काही आलं नाही. त्यांनी वळून पाहिलं. जाळीला हजारो धागे बांधलेले होते, आणि त्यांच्या मध्ये, जाडजूड, तपकिरी, गाठीगाठींची त्यांच्या वडिलांची सुतळी. काकींनी शेवटची गाठ दाताने आवळली, डोळे मिटले आणि ओठ हलवले.

"अगो!" मालकांचा आवाज फुटला. "बापसाची सुतली ती!"

त्यांचा हात पुढे गेला. कोपऱ्यात बसलेला पांढऱ्या दाढीचा म्हातारा म्हणाला, "ना बेटा. मुराद पूरी हो, तब आकर खोलना. उससे पहले हाथ नहीं लगाते."

याचं भाषांतर करायची गरज पडली नाही. हात तिथेच थांबला आणि मागे आला. मलंगगडावर जाणाऱ्या माणसाने दुसऱ्याचा नवस सोडायचा म्हणजे काय, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

"कं मांगलास?" त्यांनी विचारलं.

"सांगाचा नसतं," काकी म्हणाल्या.

परतीच्या प्रवासात मालकांनी एकही बर्थ मापला नाही. खिशात हात घालायचे, रिकामा बाहेर काढायचे, आणि त्या हाताकडे बघत बसायचे. मला फार वाईट वाटलं. वडील दुसऱ्यांदा गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. मी म्हटलं, दुसरी सुतळी घेऊ. ते म्हणाले, "तिचेवर हात कोनाचा?"

बदलापूरला आल्यावर गवंडी हत्यारांच्या दोन्ही पिशव्या घेऊन हजर झाला. "मालक, आज काय? बांधायचं की पाडायचं?"

"बांध," मालक म्हणाले.

"माप?"

"तुजा टेप लाव."

गवंडी वाळूच्या ढिगावर बसला. त्याला पाणी द्यावं लागलं.

बापसाच्या मापाशिवाय भिंत पाडायची मालकांना हिंमत होईना. हॉलमधला खांब डोक्यात होता, पण त्याचा घेर होता सुतळीवर, आणि सुतळी होती सिक्रीला. शिवाय त्यांना घाई सुटली होती. काकींनी घरासाठीच नवस बोललाय, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. घर पुरं झालं की जाऊन सुतळी सोडवायची. त्यामुळे गवंड्याला मालकच सकाळी घरी जाऊन उठवायला लागले. स्लॅब पडला, गिलावा झाला, ओटा पुन्हा झाला आणि त्याच्यासमोर खिडकीसुद्धा झाली. लाद्या या वेळी परत गेल्या नाहीत. दिवाळीला दूध उतू गेलं. उल्हासनगरचा दुकानदार भिंतीवरचं घड्याळ घेऊन आला आणि लादीवर चप्पल न घालता चालत म्हणाला, "साईं, मुझे तो लगा था ये मेरे ही गोडाउन में बूढ़ी होंगी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक सफारी घालून माझ्या दारात. "भाऊ, रजा टाका. सुतली सोरवून आनू."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून काकींचा आवाज आला. "कशाला?"

"घर झाला ना. नवस पुरा झाला."

"घराचा नवस कोन बोल्ला?"

मालक खिडकीकडे बघत राहिले. "मंग कशाचा?"

"पुरा झाला का मंग सांगन."

पुढची सगळी वर्षं हे चाललं. नळाला दोन वेळ पाणी यायला लागलं, की मालक खिडकीपाशी. "आता झाला कं?" "नाय." काकींचा गुडघा दुखायचा थांबला. "आता?" "नाय." मेव्हण्याच्या मुलीचं जमलं, विहिरीला नवा झरा फुटला, माझं लग्न ठरलं. "आता तरी?" "नाय वो."

मग हळूहळू मालकांनी विचारणं सोडलं आणि वेगळंच सुरू केलं. कुणी पाहुणा आला की नवं घर दाखवायचे, आणि शेवटी हॉलच्या मधोमध, जिथे खांब यायचा होता तिथे उभे राहून सांगायचे, "माझे बापसाची सुतली बादशाचे घरान हाय." ऐकणाऱ्याला वाटे, बादशहानेच मागून घेतली असावी. मालक ती समजूत दूर करत नसत. एकदा दारातल्या पायरीवर बसून मला म्हणाले, "बापूस कवा कल्यानचे पुरं गेला नाय. आता बगा, कुठं जाऊन ऱ्हायलाय." आणि त्यांनी डोळे पुसले.

लग्नानंतर मला कंपनीची जागा मिळाली आणि मी खोली सोडली. निघायच्या दिवशी मालकांनी मला दारात उभं केलं, पायापासून डोक्यापर्यंत नजरेनेच मापलं, आणि म्हणाले, "भरलंव. आता साडेतीन भरलंव." मग माझ्या सामानासाठी रिक्षा आणायला ते नाक्यावर गेले.

मी काकींच्या पाया पडायला स्वयंपाकघरात गेलो. खिडकीतून ऊन ओट्यावर आलं होतं. त्या भाकरी थापत होत्या. त्यांनी वाटेत खायला चार भाकऱ्या बांधून ठेवल्या होत्या, सुकट वेगळी. मला राहवलं नाही.

"काकी, आता तरी सांगा. कुणाला नाही सांगणार. काय मागितलं होतंत तुम्ही?"

त्यांनी खिडकीतून बाहेर डोकावून मालक दिसत नाहीत ना याची खात्री केली.

"यवराच मांगला," त्या म्हणाल्या, "का ही गाठ कवा सुटू नको." आणि तव्यावरची भाकरी उलटत शांतपणे म्हणाल्या, "पुरा होतंय ना नवस. रोज पुरा होतंय."